लालपरीचा मोड बनवणाऱ्याला त्याचा वाटा कसा मिळेल? ब्लॉकचेनचा धंद्याच्या भाषेत हिशोब



आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, सर आता गेमवर घसरले. थोडं थांबा. हा धडा गेमच्या निमित्तानं आहे, पण विषय आहे वाट्याचा. एखाद्या कामात चार जणांचा हात असतो, माल विकला जातो, पैसे येतात, आणि मग प्रश्न पडतो, कुणाचे किती? भागीदारीतले निम्मे धंदे याच प्रश्नावर मोडतात. ज्यांना गेम, व्हिडिओ, डिझाइन, ॲप अशा डिजिटल मालाचा धंदा करायचाय, त्यांच्यासाठी तर हा पहिला धडा आहे.

व्हिडिओत मी आकडे पटापट सांगितले होते. इथं निवांत वाचा, शक्य असेल तर वही-पेन घेऊन बसा.

१. मोड म्हणजे काय?

"बस सिम्युलेटर इंडोनेशिया" नावाचा एक मोबाईल गेम आहे. मालेओ नावाच्या इंडोनेशियन कंपनीनं तो २०१७ मध्ये आणला. मूळ गेममध्ये गाड्या इंडोनेशियातल्या, रस्तेही तिथलेच. पण कंपनीनं एक दार उघडं ठेवलं. खेळणाऱ्याला बसवर स्वतःची रंगसंगती चढवता येते, आणि स्वतः बनवलेलं गाडीचं थ्रीडी मॉडेलही गेममध्ये टाकता येतं. असा बाहेरच्या माणसानं बनवून गेमला जोडलेला भाग म्हणजे मोड.

आता महाराष्ट्रातल्या पोरांना असं दार उघडं मिळाल्यावर ती काय करणार? त्यांनी एसटी आणली! लाल डब्बा आला, शिवशाही आली. यूट्यूबवर "एमएसआरटीसी बस मोड" शोधून बघा, ढिगानं व्हिडिओ सापडतील. दरवाजाचा आवाज, खिडकीच्या जाळ्या, मागचा पत्रा, पुढची गावाच्या नावाची पाटी, सगळं हुबेहूब. खऱ्या एसटीची बांधणी आपल्या चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते. गेममधल्या एसटीची बांधणी कुठल्यातरी खेड्यात, सेकंडहँड लॅपटॉपवर, रात्री जागून होते.

ही गंमत समजू नका. गाडीचं मॉडेल बनवायचं तर ब्लेंडरसारखं सॉफ्टवेअर शिकावं लागतं. मापं घ्यावी लागतात, फोटो जमवावे लागतात. मॉडेल इतकं हलकं ठेवावं लागतं की साध्या मोबाईलवर अडखळू नये. हे कौशल्य आहे, आणि बाजारात कौशल्याला किंमत असते. मग या पोरांना काय मिळतं?

२. आज पैसे कुठं जातात?

सध्याची पद्धत साधारण अशी. मोड बनवणारा यूट्यूबवर व्हिडिओ टाकतो. खाली डाउनलोडची लिंक देतो. बऱ्याचदा फाइलला पासवर्ड लावतो आणि पासवर्ड व्हिडिओच्या मध्येच कुठंतरी दाखवतो, म्हणजे लोक व्हिडिओ पूर्ण बघतील. जाहिरातीचे पैसे मिळाले तर मिळाले. त्यासाठीही चॅनेलला आधी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉचटाइम (किंवा शॉर्ट्सचे ठरावीक व्ह्यूज) लागतो.

आणि मग दुसऱ्याच दिवशी काय होतं? कुणीतरी तीच फाइल उचलतो, पासवर्ड काढतो, नाव बदलतो आणि आपल्या चॅनेलवर टाकतो. त्याचं चॅनेल मोठं असेल तर व्ह्यूज त्याला. मूळ पोरगा खाली लिहितो, "भाऊ, हा माझा मोड आहे." कोण ऐकतो?

आमच्या दुकानात पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड घ्यायला असली हुशार पोरं येतात. घरचे विचारतात, "रात्र रात्र बसतोस, यातून मिळतं काय?" पोराकडं उत्तर नसतं. प्रश्न घरच्यांचाही बरोबर आहे आणि पोराची मेहनतही खरी आहे. मधली जी कडी तुटलेली आहे ती हिशोबाची आहे.

अजून एक गुंता बघा. एक मोड सहसा एकट्याचा नसतोच. मॉडेल एकाचं, वरचा रंग आणि अक्षरं म्हणजे टेक्स्चर दुसऱ्याचं, इंजिनाचा आणि हॉर्नचा आवाज तिसऱ्यानं खऱ्या गाडीत बसून रेकॉर्ड केलेला, आणि चौथ्यानं ते सगळं जोडून, तपासून गेममध्ये चालतं केलं. मग पाचवा येतो, त्याच लालपरीवरून हिरकणी बनवतो. पैसे आले तर कुणाचे किती?

३. जगात हे आधी घडून गेलंय

मोडला किंमत नाही असं कुणाला वाटत असेल तर ही दोन नावं बघा.

काउंटर-स्ट्राइक. १९९९ मध्ये मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी "हाफ-लाइफ" या गेमचा मोड म्हणून तो सुरू केला. २००० मध्ये व्हॉल्व्ह कंपनीनं तो आपल्याकडं घेतला आणि या दोघांनाही कामावर घेतलं. आज तो जगातल्या सगळ्यात जास्त खेळल्या जाणाऱ्या गेमपैकी एक आहे.

पबजी. ती तर गावागावात पोचली. ब्रेंडन ग्रीन या माणसानं आधी "आर्मा २" या गेमवर बॅटल रॉयल प्रकारचा मोड बनवला होता. तीच कल्पना घेऊन पुढं कोरियन कंपनीबरोबर २०१७ मध्ये पबजी आली.

म्हणजे मोडमधून मोठा धंदा उभा राहतो. पण हे दोघं-तिघं भाग्यवान. बाकी हजारोंचं काय?

त्यासाठी कंपन्यांनी प्रयोग केले. व्हॉल्व्हनं २०११ पासून "स्टीम वर्कशॉप" सुरू केलं. तिथं लोकांनी बनवलेल्या निवडक वस्तू गेममध्ये विकल्या जायच्या आणि बनवणाऱ्याला वाटा मिळायचा. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की अशा निर्मात्यांना ५ कोटी ७० लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम दिली गेली आहे.

मग त्याच वर्षी २३ एप्रिलला "स्कायरिम" या गेमचे मोड पैसे घेऊन विकायला सुरुवात झाली. वाटणी अशी होती: मोड बनवणाऱ्याला २५ टक्के, गेम कंपनी बेथेस्डाला ४५ टक्के, दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हला ३० टक्के. लोक इतके भडकले की चार दिवसांत सगळं मागं घ्यावं लागलं. आजवर फुकट मिळणाऱ्या गोष्टीला किंमत लागली हा एक राग. बनवणाऱ्याला फक्त चवथाई हा दुसरा. तिसरं कारण आपल्या धड्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: सुरुवातीलाच मासेमारीचा एक मोड काढून घ्यावा लागला, कारण त्याला दुसऱ्या एका मोडरच्या कामाचा आधार होता आणि त्या दुसऱ्याची संमती नव्हती.

बघा, व्हॉल्व्हसारखी कंपनी, हाताशी पैसा, वकील, इंजिनिअर सगळे. तरी "या मोडमध्ये कुणाकुणाचं काम आहे" ही नोंद त्यांच्याकडं नीट नव्हती. ब्लॉकचेनची गोष्ट इथून सुरू होते.

४. ब्लॉकचेन, भिशीच्या भाषेत

"ब्लॉकचेन" म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर बिटकॉइन येतं. बिटकॉइन २००९ मध्ये सुरू झालं हे खरं, पण आपल्याला आत्ता कॉइनशी देणंघेणं नाही. त्याच्या मागची वही समजून घ्या.

समजा वीस जणांची भिशी आहे. एकाच्या वहीत सगळा हिशोब असेल तर सगळ्यांचा विश्वास त्या एकावर. त्यानं आकडा फिरवला तर भांडण. आता अशी भिशी करा की प्रत्येक व्यवहार वीसही जण आपापल्या वहीत लिहितात. प्रत्येक नव्या पानावर आधीच्या पानाचा एक ठसा असतो. कुणी मागचं पान बदललं तर ठसा जुळत नाही, बाकीचे एकोणीस जण लगेच म्हणतात, "दादा, तुझी वही खोटी." ब्लॉकचेन म्हणजे हीच भिशी, फक्त वह्या कॉम्प्युटरवर आणि सभासद हजारो.

याच्यात दोन अवजारं आहेत.

पहिलं, ठसा. तुमची मोडची फाइल कितीही मोठी असो, तिचा एक छोटासा आकडेवजा ठसा निघतो. त्याला हॅश म्हणतात. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी ठसा बदलतो. हा ठसा तारखेसह ब्लॉकचेनवर नोंदवला की "अमुक दिवशी ही फाइल माझ्याकडं होती" याचा पुरावा तयार.

हे काही परदेशातलं स्वप्न नाही. आपल्याच राज्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत २०२२ मध्ये सुमारे ६५,००० जात प्रमाणपत्रांसाठी अशी पद्धत वापरली गेली. पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर नोंद आणि प्रमाणपत्र खरं की खोटं हे तपासायची सोय. पॉलिगॉन उभी करणाऱ्यांमध्ये जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन ही भारतीय मंडळी होती. २०१७ मध्ये मॅटिक नावानं त्यांनी सुरुवात केली. जात प्रमाणपत्राचा ठसा ठेवता येतो तर मोडचाही ठेवता येईल, तंत्र तेच आहे.

दुसरं, आपोआप वाटणी. याला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. २०१५ मध्ये इथेरियम आलं तेव्हापासून हे जोरात आहे. आपल्या पाचोडच्या मोसंबी मार्केटचं उदाहरण घ्या. लिलाव होतो, काट्यावर वजन होतं, आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. भाव इतका, वजन इतकं, खर्च इतका, हातात इतके. आता कल्पना करा, पट्टीचे नियम आधीच ठरवून कुलूपबंद केलेत. व्यापाऱ्याचे पैसे पडले की त्याच मिनिटाला प्रत्येकाचा वाटा त्याच्या त्याच्या खात्यात जातो. मध्ये कुणी "उद्या या" म्हणू शकत नाही. हेच स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट.

५. आता हिशोब मांडू

खालचे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत. वहीत लिहून घ्या.

समजा लालपरीचा एक मोड ₹५० ला विकायला ठेवला. गेम कंपनीनं परवानगी दिलेली आहे आणि तिचा वाटा ३० टक्के ठरलाय. उरलेल्या रकमेची चौघांत वाटणी अशी: मॉडेल बनवणारा ५० टक्के, टेक्स्चरवाला २० टक्के, आवाजवाला १० टक्के, जोडणी आणि तपासणी करणारा २० टक्के.

५०० जणांनी घेतला. एकूण विक्री ₹२५,०००.

– गेम कंपनी: ₹७,५००
– उरले: ₹१७,५००
– मॉडेलवाला: ₹८,७५०
– टेक्स्चरवाला: ₹३,५००
– आवाजवाला: ₹१,७५०
– जोडणीवाला: ₹३,५००

इथवर भागीदारीचा साधा हिशोब झाला. पुढची पायरी खरी मजेची.

पाचव्या पोरानं याच मॉडेलवरून हिरकणी बनवली. नोंदीत त्यानं लिहिलं, "मूळ मोड अमुक." नियम असा की मूळ कामावरून बनवलेल्या मोडच्या कमाईतले १५ टक्के मूळ टीमला. हिरकणी ३०० जणांनी ₹५० ला घेतली. विक्री ₹१५,०००. कंपनीचे ३० टक्के म्हणजे ₹४,५०० गेले, उरले ₹१०,५००. त्यातले १५ टक्के, म्हणजे ₹१,५७५ मूळ टीमकडं. पाचव्याला ₹८,९२५.

ते ₹१,५७५ सुद्धा आधीच्याच प्रमाणात फुटतात. आवाजवाल्याच्या वाट्याला ₹१५७.५० येतात. रक्कम छोटी वाटते ना? पण विचार करा, ही रक्कम हातानं वाटायची म्हटलं तर कुणी वाटेल का? फोन कोण करणार, हिशोब कोण ठेवणार? छोटी रक्कम म्हणून ती बुडते. आणि अशा बुडलेल्या शंभर छोट्या रकमा म्हणजे एखाद्या पोराचा नवा लॅपटॉप असतो.

फायदा पाचव्यालाही आहे, हे विसरू नका. त्याला चोरून काम करावं लागत नाही. मूळ मोड हक्कानं घेतो, वाटा देतो, उजळ माथ्यानं विकतो. चोराचा भागीदार होतो. कुठल्याही धंद्यात हा बदल सोन्यासारखा असतो.

६. आता अडचणी. या वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका

मी काही ब्लॉकचेनचा एजंट नाही. जिथं अडतं तिथं अडतं, ते सांगायलाच पाहिजे.

*पहिली अडचण: खोटी नोंद.* सातबाऱ्यावर चुकीचं नाव लागलं तर फेरफार करून, तहसीलला खेटे घालून का होईना, दुरुस्ती होते. ब्लॉकचेनवर जुनं पान खोडता येत नाही. चोरानं तुमच्या आधी तुमच्या मोडची नोंद केली तर? वही इतकंच सांगते की नोंद कुणी आणि कधी केली. माल कुणाचा, हे तिला कळत नाही. म्हणून वाद मिटवायला माणसं, पंच, तक्रारीची सोय लागतेच. नुसत्या कॉम्प्युटरवर भागत नाही.

*दुसरी: मालकाची परवानगी.* गेम कंपनीचा. एसटीचं नाव आणि बोधचिन्ह महामंडळाचं. तुम्ही हौसेनं फुकट वाटता तोवर कुणी काही बोलत नाही, याचा अर्थ विकायचा हक्क मिळाला असा होत नाही. विकायचं म्हटलं की दोघांचीही परवानगी लागते. ब्लॉकचेनवर नोंद केल्यानं ही परवानगी मिळत नाही.

*तिसरी: गेम कंपन्याच नाही म्हणतात.* ऑक्टोबर २०२१ मध्ये व्हॉल्व्हनं स्टीमवर ब्लॉकचेनवर चालणाऱ्या, क्रिप्टो किंवा एनएफटीची देवघेव होणाऱ्या गेमना बंदी केली. २० जुलै २०२२ ला "माइनक्राफ्ट"वाल्या मोजांगनं जाहीर केलं की त्यांच्या गेममध्ये एनएफटी चालणार नाही. "एनएफटी वर्ल्ड्स" नावाचा एक प्रकल्प माइनक्राफ्टच्या आधारावरच उभा होता. एका घोषणेनं त्याच्या पायाखालची जमीन गेली. यातला धडा लिहून ठेवा: दुसऱ्याच्या जागेवर टपरी टाकताना आधी जागामालकाशी करार करा.

*चौथी: वाटा चुकवता येतो.* लोक सांगतात, एकदा नोंद केली की प्रत्येक पुनर्विक्रीवर आयुष्यभर रॉयल्टी. प्रत्यक्षात ती रॉयल्टी बाजार चालवणाऱ्याच्या मर्जीवर राहिली. ओपनसी हा एनएफटीचा मोठा बाजार. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून त्यांनी नव्या वस्तूंसाठी रॉयल्टीची सक्ती काढून टाकली. म्हणजे द्यायची तर द्या. स्पर्धक कमी खर्चात विकत होते म्हणून हे झालं. नियम कॉम्प्युटरमध्ये लिहिला तरी, विक्री त्या नियमातूनच होईल याची खात्री दुकानदार देतो की नाही, हे बघावं लागतं.

*पाचवी: नोंदीचा खर्च.* प्रत्येक नोंदीला फी लागते. इथेरियमच्या मुख्य साखळीवर गर्दीच्या काळात ही फी ₹५० च्या मालापेक्षाही जास्त झालेली आहे. वीस रुपयांच्या कोथिंबिरीला शंभराचा टेम्पो कोण करेल? छोट्या रकमांसाठी स्वस्त साखळ्या लागतात, किंवा महिन्याचा हिशोब एकदम करावा लागतो.

*सहावी: फाइल बाहेरच राहते.* ब्लॉकचेनवर सहसा ठसा असतो, फाइल नसते. फाइल कुणी कॉपी करून टेलिग्रामवर टाकली तर ब्लॉकचेन तिला अडवू शकत नाही. चोरी थांबवायची तर गेमनंच म्हणायला पाहिजे, "नोंद असलेलाच मोड मी उघडणार."

सगळ्या अडचणींचा सार एकच निघतो. गेम कंपनी सोबत असेल तर ब्लॉकचेन कामाची. नसेल तर तुमच्याकडं फक्त एक पक्की तारीख उरते.

७. मग ब्लॉकचेन लागतेच का?

हा प्रश्न हुशार ग्राहकाचा आहे. विचारलाच पाहिजे.

एपिक गेम्सनं मार्च २०२३ मध्ये "फोर्टनाइट"साठी नवी पद्धत आणली. गेमच्या दुकानातल्या कमाईतून ४० टक्के रक्कम एका गल्ल्यात बाजूला काढायची आणि ती, लोक कुठल्या निर्मात्याची बेटं किती खेळतात त्यावरून वाटायची. रोब्लॉक्स कंपनीनं २०२३ या एका वर्षात आपल्या निर्मात्यांना ७४ कोटी डॉलर दिले. दोन्हीकडं ब्लॉकचेन नाही. साधी कंपनीची वही आहे.

म्हणजे एकाच मालकाचं दुकान असेल आणि त्या मालकावर सगळ्यांचा विश्वास असेल, तर साधी वही पुरते. ब्लॉकचेनची गरज कधी? जेव्हा चार-पाच पक्ष आहेत, कुणी कुणाला ओळखत नाही, वही कुणा एकाच्या हातात द्यायला बाकीचे तयार नाहीत, आणि काम एका गेममधून दुसऱ्यात, एका देशातून दुसऱ्यात फिरतं. इंडोनेशियाची कंपनी, पैठण तालुक्यातला मॉडेलवाला, सांगलीचा आवाजवाला, आखातात नोकरी करणारा मराठी ग्राहक. अशा ठिकाणी सगळ्यांना दिसणारी वही खरंच कामाला येईल.

८. पैसे, कर आणि फसवणूक

इथं जरा गंभीरपणे वाचा.

भारतात क्रिप्टो, टोकन, एनएफटी हे विकून झालेल्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, वर सेस. त्यात खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही. एकीकडचा तोटा दुसऱ्या कमाईतून वजा करता येत नाही. शिवाय १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेच्या वर व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे. म्हणून माझा सल्ला, कामाचा मोबदला शक्यतो रुपयात घ्या. नोंद ब्लॉकचेनवर आणि पैसे बँकेत, अशी रचना होऊ शकते. टोकनमध्ये घ्यायची वेळ आलीच तर आधी सीएला भेटा.

टोकनचा भाव चढतो तसा पडतो. "ॲक्सी इन्फिनिटी" नावाच्या गेममध्ये लोक खेळून टोकन कमवत होते, काही देशांत तर त्यावर घरं चालत होती. टोकनचा भाव कोसळला. मार्च २०२२ मध्ये त्या गेमच्या जाळ्यावर दरोडा पडला आणि ६० कोटी डॉलरच्या वर रक्कम गेली. आपल्याकडं जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीला गेली.

आणि गावात जे फिरतात ते तर वेगळेच. "आमचं गेमिंग कॉइन घ्या, महिन्याला इतके टक्के, दोन माणसं जोडा." अशा माणसाला एकच प्रश्न विचारा: "माल काय आहे?" मोड विकला जातो तेव्हा खेळणाऱ्याला लालपरी मिळते. तिथं माल आहे. नुसती माणसं जोडून पैसे मिळत असतील तर माल तुम्ही स्वतः आहात. उठून चालू लागा.

९. आजपासून काय करायचं?

ब्लॉकचेन येईल तेव्हा येईल. तिच्यावर जी माहिती भरायची ती तुमच्याकडं आजच तयार पाहिजे. वही कोरी असेल तर ती कागदाची असो की ब्लॉकचेनची, फरक पडत नाही.

१. मूळ फाइल सांभाळा. ब्लेंडरमधली कच्ची फाइल, काढलेले फोटो, तारखेसह. तयार मोड सगळ्यांकडं असतो, कच्चं काम फक्त बनवणाऱ्याकडं असतं. वादात हाच खरा पुरावा.

२. कामाचा जन्मदाखला लिहा. एका पानावर: मोडचं नाव, तारीख, कुणी काय केलं, कुणाचं काय वापरलं, त्याची परवानगी कधी घेतली. फाइलचा हॅश काढायची फुकट साधनं मिळतात. तो आकडाही त्यात लिहा आणि सगळ्यांना ईमेल करून ठेवा.

३. वाटणी आधी ठरवा, लेखी ठरवा. दोस्ती आहे म्हणून लिहायचं नाही, असं करू नका. दोस्ती आहे म्हणूनच लिहा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशी लागतात. तोंडी "घे रे, वापर" यावर धंदा उभा राहत नाही.

४. स्वतःचं डिझाइन बनवा. एसटीची हुबेहूब नक्कल ही शिकण्यासाठी उत्तम शाळा आहे. विकण्यासाठी मात्र स्वतःची कल्पनेतली बस, स्वतःचं नाव, स्वतःचा रंग. मग कुणाच्या बोधचिन्हाचा प्रश्न येत नाही.

५. ज्या गेममध्ये निर्मात्याला वाटा मिळतो तिथं हात चालवून बघा. नियमांचं पान पूर्ण वाचा. टक्के किती, पैसे कधी, किती रक्कम जमल्यावर, कुठल्या खात्यात. पाचोडच्या बाजारात माल उतरवण्याआधी आपण भाव आणि आडत विचारतोच ना? तेवढंच.

६. कौशल्य वेगळं विका. मोडमधून पैसे येईपर्यंत थ्रीडी मॉडेलचं काम इतर ठिकाणीही लागतं: घराचे नकाशे, फर्निचरची डिझाइन, जाहिराती, छोट्या गेम कंपन्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये "राजी" हा गेम जगभर विकला. अशा ठिकाणी अर्ज करताना तुमची लालपरी हाच तुमचा बायोडेटा.

गेम न खेळणाऱ्या मंडळींसाठी

तुम्ही मसाला विकत असाल, पैठणीवर डिझाइन काढून देत असाल, लग्नाचे व्हिडिओ एडिट करत असाल, तरी धडा तोच. तुमच्या मालात किती जणांचं काम आहे, हे लिहिलेलं आहे का? पैसे आल्यावर वाटणी तुमच्या मूडवर होते की आधी ठरलेल्या नियमावर? छोट्या माणसाचा छोटा वाटा वेळेवर पोचतो का? ज्याचा पोचतो, त्याच्याकडं चांगली माणसं टिकतात. ब्लॉकचेन ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर, अनोळखी माणसांत करायचं साधन आहे. चार माणसांत ती करायला एक वही आणि साफ नियत पुरते.

गृहपाठ: या आठवड्यात तुमचं कुठलंही एक काम घ्या. त्यात हात असलेल्या प्रत्येकाचं नाव, काम आणि टक्के एका कागदावर लिहा, आणि तो कागद त्या सगळ्यांना दाखवा. बेरीज शंभर येते का आणि सगळे "बरोबर" म्हणतात का, ते बघा. एखादा जण गप्प बसला, तर आधी त्याच्याशी बोला.

पुढच्या धड्यात लेखी भागीदारी कराराचे सात मुद्दे घेऊ. वही तयार ठेवा.